किल्ली आशाबाईंकडे

हर्सूलच्या पुढे, डोंगराच्या अंगाला गुंठेवारीत जी घरं उभी राहिली आहेत, त्यातल्या एका गल्लीत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. येतं म्हणजे, येईल असं म्हणतात. पाण्याच्या दिवशी त्या गल्लीत लग्नाचा मुहूर्त धरायची कुणाची छाती नाही. घरातलं माणूस दवाखान्यात असलं तरी एक जण ड्रमापाशी बसून राहतं, आणि दवाखान्यातलं माणूसही त्याबद्दल राग धरत नाही.

नोकरीला जाणाऱ्या बायकांची मात्र पंचाईत. म्हणून तिथं एक रीत पडून गेली आहे. कामावर जाताना घराची किल्ली शेजारणीकडे ठेवायची. पाणी आलं की शेजारीण आधी आपले ड्रम भरते, मग तुमचं कुलूप उघडून तुमचे भरते. या किल्लीचे कुणी उपकार मानत नाही आणि ती द्यायला कुणी कचरत नाही. कपाटात सोनं असो वा नसो, किल्ली द्यायची म्हणजे द्यायची. मंजुषाची किल्ली समोरच्या आशाबाईंकडे असायची.

मंजुषा वैजापूरची. बाप मार्केट यार्डात कांद्याची मापं करायचा, आणि लेक शिकली म्हणून चारचौघांत तिचं कौतुक सांगायचा. आता पस्तिशीला आलेली ही बाई चिकलठाण्याच्या एका औषधाच्या कंपनीत आहे. इंजेक्शनच्या भरलेल्या बाटल्या दिव्यासमोर धरायच्या, आधी काळ्या पाटीपुढे, मग पांढऱ्या. आत कण, केस, तंतू दिसला की बाटली बाजूला. दिवसभर हेच. नवरा सत्यम चाकणला कंपनीत, एका रविवाराआड घरी येतो. मूल नाही. ही शेवटची गोष्ट गल्लीला तिच्या नावाच्याही आधी कळली होती, यात नवल काही नाही.

तर अशा या गल्लीत होळीच्या सुमारास एक टँकर यायला लागला. गल्ली अरुंद, तोंडाशी विजेचा खांब. मोठे टँकर तिथवर येऊन शिव्या घालत मागे जायचे. हा टँकर छोटा होता, खांबाच्या अंगाला चाटून आत यायचा. चालवणारा स्वतःच मालक. बायकांना ताई, मावशी म्हणायचा, म्हाताऱ्यांच्या हातातला पाइप स्वतः घ्यायचा, पैशाला उद्या-परवा चालेल म्हणायचा. चार खेपांत तो सगळ्या गल्लीचा गोकुळभाऊ झाला. पाणी देणाऱ्या माणसाला देव व्हायला कितीसा वेळ लागतो!

मंजुषा त्या दिवशी पहिली पाळी करून दुपारी परत आली, तेव्हा तो टँकरवर उभा होता. पाठमोरा. मान जरा डावीकडे कलती. कंपनीच्या बसमधून उतरताना जी बाई घामाने निथळत होती, तिच्या अंगावर भर उन्हात काटा आला.

तो वळला. हसला. सगळ्यांसमोर म्हणाला, “ताई, तुमचे ड्रम कुठले?”

ज्या माणसाने कधीकाळी तिला मंजू, मंजुळा, माझी चिमणी अशा हजार हाका मारल्या होत्या, त्याच्या तोंडून तो ‘ताई’ ऐकून तिला शिवीपेक्षा जास्त लागलं.

वैजापूरला कॉलेजात असताना गोकुळवर तिचा जीव होता. हे लपवण्यात अर्थ नाही, आणि तिनेही स्वतःपासून कधी लपवलं नाही. तो तिच्या सायकलच्या कॅरिअरला कागदाची पुडी खोचून ठेवायचा, आत बोरं. थंडी सरली की सुकी बोरं. ती पुडी बघितली की तिचा दिवस उजळायचा. मग हळूहळू पुडी नको तिथं सापडायला लागली. मामाच्या गावी, ओट्यावर. मैत्रिणीच्या लग्नात, चपलेत. ती कुठं जाणार हे तिने त्याला सांगितलेलं नसायचं. एकदा वर्गातल्या पोराशी ती चार शब्द हसून बोलली, तर दुसऱ्या दिवशी हा सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिच्या घरासमोर मोटारसायकलवर बसून राहिला. काही बोलला नाही. नुसता बोरं खात होता आणि बिया समोर टाकत होता. त्या दिवशी तिचं प्रेम आटलं आणि भीती बसली. तिने त्याला तोंडावर सांगितलं, संपलं आपलं. त्याने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, “बरं. मला घाई नाय.”

मग लग्न झालं, गाव सुटलं, वर्षं गेली. माणूस विसरतो. तीही विसरलेली.

आता ती रोज संध्याकाळी घर तपासायला लागली. तिला ते काही कठीण नव्हतं. दिवसभर तोच तर धंदा. एकदा नळाचं पाणी आलंच नाही, पण तिचे ड्रम काठोकाठ भरलेले होते. टँकरचं पाणी. आणि मोरीतल्या निळ्या ड्रमाच्या झाकणावर बोराच्या तीन बिया, चाटूनपुसून स्वच्छ केलेल्या, ओळीने मांडलेल्या. एकदा कपाटातल्या साडीची घडी उलटी. एकदा तर पलंगावर, सत्यमच्या बाजूला. सत्यम गेला की ती बाजू ती सोमवारी चादर ताणून सारखी करते आणि मग कुणी त्या बाजूला बसतसुद्धा नाही. तिथं कुणीतरी आडवं होऊन उठलं होतं. उशीला डोक्याचा खळगा होता.

ती तशीच समोर गेली. आशाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. साठीच्या बाई, गुडघ्यांनी हैराण, पण गल्लीत शब्दाला वजन. मुलगा पुंजाराम रिक्षा चालवायचा आणि सून नुकतीच बाळंतीण झालेली.

“मावशी, आज माझ्या घरात कोण गेलं होतं?”

“कोण जाईल? पाणी भरलं की.”

“कुणी भरलं?”

“म्या उभी होते ना. गोकुळभाऊनं खिडकीतून पाइप सोडला, म्या आत धरला, ड्रम भरले, कुलूप लावलं.” आशाबाईंनी सुपातून मान वर काढली नाही. “का गं?”

“तो आत नव्हता आला?”

“सांगते ना, म्या सोता उभी होते.”

मंजुषा परत फिरली. आशाबाईंचा शब्द म्हणजे गल्लीत पंचनामा. आणि त्या खोटं बोलतील कशाला?

बरं, सांगायचं तरी काय? तीन बिया? गल्लीत पोरं दिवसभर काय काय खाऊन कुठंही थुंकतात. साडीची घडी? त्या बियांचा अर्थ सांगायचा तर वैजापूर सांगावं लागणार, सायकल सांगावी लागणार, आपणही त्या पुडीची वाट बघायचो हे सांगावं लागणार. तो कोण आहे हे सांगायला आपण त्याच्या कोण होतो ते आधी सांगावं लागतं. गोकुळला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तो इतका निवांत होता.

तिने शेवटी धीर करून सत्यमला फोनवर सांगितलं. म्हणजे अर्धं सांगितलं. वैजापूरकडचा एक माणूस आहे, टँकरवाला, मला त्याची भीती वाटते.

“तो तुला कसा ओळखतो?” सत्यमने विचारलं.

“कॉलेजात होता.”

“नुसता कॉलेजात होता?”

तिने उत्तर द्यायला जो एक श्वास जास्त घेतला, तोच त्याला पुरला. “रविवारी आल्यावर बोलू,” म्हणाला. आणि त्या रविवारी तो आला नाही. ओव्हरटाइम आहे म्हणाला.

तिने आशाबाईंकडून किल्ली परत आणली. चांगलं केलं, असं वाटेल. पण लागोपाठ दोन वेळा नळ तिच्या पाळीच्या वेळेत येऊन गेला. समोरच्या, शेजारच्या घरांत पाणी ओसंडलं आणि हिच्या घरात ड्रमाच्या तळाला गाळ. कंपनीत बिनअंघोळीचं जाता येत नाही, तिथं हात कोपरापर्यंत धुवून, डोक्यापासून पायापर्यंत पांढरं चढवून आत सोडतात. तिने तांब्याभर पाण्यात अंग पुसलं. सुट्टी मागितली तर सुपरवायझर म्हणाला, पाण्यासाठी सुट्टी द्यायची तर कंपनीला कुलूपच लावावं लागेल. खोटं नव्हतं ते. तिसऱ्या आठवड्यात मंजुषा किल्ली घेऊन पुन्हा आशाबाईंच्या दारात उभी राहिली. त्यांनी ती मुकाट्याने घेतली.

झोप तर कधीच उडाली होती. डॉक्टरने गोळ्या दिल्या. झोपेच्या गोळ्या घरात आहेत हे सत्यमला दिसायला नको, म्हणून तिने ती पट्टी आपल्या उशीच्या अभ्र्यात, अगदी आत, कोपऱ्यात सारून ठेवली. ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नाही. सांगायला होतंच कोण?

गल्लीत मात्र कुजबुज सुरू झाली होती. मंजुषा कुलपाला दोरा बांधून जाते. दाराशी पीठ भुरभुरवते. घरात शिरण्याआधी खिडकीतून वाकून बघते. पलीकडच्या घरातली वहिदा बांगड्या विकायची. ती स्वभावाने चांगली, पण बोलायला फटकळ. ती एकदा म्हणालीच, “दिनभर बाटलीत कचरा शोधते ना, आता तिला घरात बी कचराच दिसते.” बायका हसल्या. मंजुषाने ते ऐकलं. तिला त्यांचा राग आला नाही, कारण काही दिवसांपासून तिलाही तसंच वाटायला लागलं होतं. डोक्याचा तो खळगा आपल्याच हाताने पडला असेल. बिया वाऱ्याने आल्या असतील, ओळीनेसुद्धा. माणसाला वेड लागतं तेव्हा असंच लागत असेल, आधी स्वतःवरचा विश्वास जातो आणि मग बाकीचं.

मे महिन्यातली गोष्ट. ती दुपारी घरी आली. टँकर गल्लीत उभा होता, बायकांची रांग लागलेली, ड्रम, हंडे, कळशा, पाइपांचा गुंता. तिचे ड्रम भरून झाले होते. तिने पाठ टेकायला उशी ओढली आणि अभ्र्यात हात घातला. गोळ्यांची पट्टी होती. पट्टीबरोबर कागदाची पुडी होती. पुडीत सुकी बोरं होती.

मग तिने जे केलं ते त्या गल्लीने आजवर पाहिलं नव्हतं. तिने मोरीतला निळा ड्रम ओढत ओट्यावर आणला आणि आडवा केला. सगळं पाणी पायऱ्यांवरून गल्लीत गेलं. परत आत गेली, दुसरा आणला, तोही पालथा केला. मग हंडे. मग पिण्याची कळशी. भर मे महिन्यात पाणी गटाराकडे धावत होतं आणि बायका हंडे हातात धरून आ वासून बघत होत्या. एखादीने गळ्यातलं मंगळसूत्र तोडून गटारात फेकलं असतं तरी त्यांना इतका धक्का बसला नसता.

“अगे, पागल हुई का गं तू?” वहिदा धावली. “लेकरं प्यासी हायेत इथं!”

“हे पाणी नको मला,” मंजुषा म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. “हा माणूस माझ्या घरात शिरतो. माझ्या पलंगावर झोपतो. मी याला ओळखते. लग्नाआधी माझं याच्यावर प्रेम होतं. ऐका सगळ्यांनी, होतं. मी याला सोडलं, आणि हा मला सोडत नाही.”

पाइपातलं पाणी एका भरलेल्या हंड्यातून वाहत राहिलं आणि ते बंद करायचंही कुणाला सुचलं नाही. इतक्या दिवसांचं ओझं तिने असं चव्हाट्यावर टाकलं, आणि आता बायकांचे डोळे गोकुळकडे न वळता तिच्याकडेच होते. प्रेम होतं म्हणते. नवरा तिकडं चाकणला. ते डोळे काय म्हणत होते ते तिला अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. आपण संपलो, असं तिला वाटलं.

गोकुळ टँकरवरून उतरला. चेहऱ्यावर इतकी माया, की बघणाऱ्याचा जीव कळवळावा.

“रागावू नका कुणी त्यांच्यावर,” तो बायकांना म्हणाला. “ताईंची तब्येत ठीक नाय. एकट्या राहतात, डोक्याला ताण हाय. ताई, त्या झोपेच्या गोळ्या उशीत दडवून ठेवण्यापरीस येळेवर घेत जावा. बरं वाटंल.”

मंजुषा ओट्यावर खाली बसली. सगळ्यांनी मान हलवली. झोपेच्या गोळ्या म्हटल्यावर प्रश्नच मिटला. रांग पुन्हा पुढे सरकणार, तेवढ्यात आशाबाई आपल्या दारातून म्हणाल्या, “कुठल्या गोळ्या?”

“ताईंच्या.”

“तिच्या उशीत गोळ्या हायेत हे तुला काय ठाऊक?”

गोकुळ हसला. “तुम्हीच म्हणाला असाल मावशी, मागं कधी.”

“मला ठाऊक नाय तर म्या काय म्हणंल?”

आशाबाई भिंतीला धरून एक-एक पायरी उतरल्या. गुडघा दुखत होता, पण चेहऱ्यावर जी कळ होती ती गुडघ्याची नव्हती. गल्लीच्या मधोमध, वाहून चाललेल्या पाण्यात त्या उभ्या राहिल्या.

“म्या खोटं बोलले,” त्या म्हणाल्या. “म्या उभी नव्हते. एक बी खेप उभी नव्हते. माझा गुडघा दुखतो, घरी बाळंतीण, माझे ड्रम भरायचे. हा म्हणला, द्या मावशी किल्ली, मी भरतो. म्या दिली. दर खेपेला दिली. तिनं विचारलं तवा लाज वाटली, म्हणून उभी होते म्हणाले. पोरगी येडी नाय. येडी तिला म्या केली.”

वहिदाने जाऊन पाइपाची तोटी बंद केली. गोकुळने घाई न करता पाइप गुंडाळला, टँकरला अडकवला आणि काच खाली करून मंजुषाकडे पाहिलं. ओठ हलले. काय म्हणाला ते फक्त तिला कळलं.

त्याच संध्याकाळी आशाबाई आणि वहिदा तिच्याबरोबर पुंजारामच्या रिक्षात बसून पोलीस ठाण्यात गेल्या. तक्रार घेतली, त्याला बोलावून समज दिली, तिच्या दाराकडे फिरकायचं नाही असं लिहून घेतलं. सत्यमही आला. दोन दिवस राहिला. विशेष बोलला नाही, पण जाताना दाराला नवं कुलूप बसवून गेला. त्यातून काय समजायचं ते मंजुषाला अजून ठरवता आलेलं नाही. पण गल्लीने आपल्यावर विश्वास ठेवला, या एका गोष्टीवर ती पुन्हा जेवायला लागली.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण मे संपायचा होता, आणि गोकुळचा टँकर गल्लीत यायचा बंद झाला होता. कुठंतरी मोठी जलवाहिनी फुटली आणि नळाचा आठवडा पंधरवड्यावर गेला. दुसरे टँकर बोलावले; ते खांबापाशी येऊन, हॉर्न वाजवून, मागे गेले. बायका हंडे घेऊन पार रस्त्यापर्यंत जायला लागल्या. आशाबाईंच्या घरी बाळाची दुपटी धुवायला पाणी नव्हतं. सुरुवातीला मंजुषा दिसली की बायका मुद्दाम थांबून बोलायच्या. मग नुसतं हसायच्या. मग तेही कमी झालं.

एका सकाळी सगळ्या मिळून तिच्या ओट्यावर आल्या. शेवटी वहिदाच बोलली, आणि तिचे डोळे भरलेले होते, हे सांगितलं पाहिजे.

“मंजुषा, तू खरी हाय. आमचा यकीन हाय तुझ्यावर. पन पानी नाय गं. तो तुझ्या दारापाशी येनार नाय, खांबाजवळच उभा ऱ्हाईल. हमने बोल लिया उससे. तू फकत नाय म्हणू नको.”

मंजुषा त्या तोंडांकडे बघत राहिली. कुणाच्या कडेवर लेकरू, कुणाच्या ओठांना चिरा. खोटं मानलं असतं तर भांडता आलं असतं. खरं मानूनही माणसं अशी दारात उभी राहिली की काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

“मी कोण नाही म्हणणारी,” ती म्हणाली.

दुपारी टँकर आला. खांबापाशीच थांबला, शब्दाला जागून. गल्लीभर ड्रम बाहेर आले, पाइप जोडले गेले, कुणाचा आधी यावरून नेहमीची भांडणं लागली. त्या गलक्यातून तोच ओळखीचा आवाज स्पष्ट ऐकू आला. “सावकाश होऊ द्या ताई. मला घाई नाय.”

मंजुषा दाराआड उभी होती. दुसऱ्या पाळीची वेळ झाली होती, बस मोठ्या रस्त्यावरच्या टी पॉइंटला येईल, आणि तिथवर जायला त्या खांबावरूनच वाट होती. तिने पर्स घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. मग दार उघडलं.

ओट्याच्या पायरीवर आशाबाई बसल्या होत्या, गल्लीकडे पाठ करून. समोर त्यांच्या दारात एकही ड्रम बाहेर नव्हता. हंडा नाही, कळशी नाही.

“मावशी, तुम्ही भरा. घरात तान्हं बाळ आहे.”

“पुंजाराम रिक्षात कॅन घालून रस्त्यावरनं आणायलाय. येईल तवा येईल.” आशाबाई गुडघा धरून उठल्या. “चल, तुला बसपतुर सोडते. त्याच्या समोरनंच जाऊ.”

मंजुषाने नवं कुलूप लावलं. किल्ली मुठीत धरून ती क्षणभर थांबली. आज-उद्या नळ येईल असं म्हणत होते. तिने हात पुढे केला.

आशाबाई मागे सरकल्या. “माझ्याकडं नको देऊ, बाई. म्या एकदा काय केलं ते ठाऊक हाय ना तुला?”

“म्हणूनच देते,” मंजुषा म्हणाली.

आशाबाईंनी किल्ली घेतली. पदराच्या टोकाला घातली, एक गाठ मारली, त्यावर दुसरी मारली, आणि पदर कमरेला खोचला. मग मंजुषाचा हात धरला आणि दोघी टँकरच्या दिशेने चालायला लागल्या.